ध्रुवण हातानं करून बघा: पोलरॉइड, मागाची फणी आणि साखरेचा 'पोल'

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "पोलरॉइडमधून प्रकाश जातो कसा?" (पोलरॉइड म्हणजे एकाच रेषेत हलणारा प्रकाश सोडणारी फिल्म, आणि प्रकाश असा एका रेषेत हलणं म्हणजे ध्रुवण.) आमच्या घरी यंत्रमाग, लहानपण ताणा-बाण्यात गेलेलं. मी ऐटीत कागदावर मागाची फणी, म्हणजे धागे ज्यातून ओवतात ती तारांची चौकट, काढली. म्हटलं, फणीच्या फटी उभ्या असतात ना, तशाच यात असतात. उभं हलणारा प्रकाश फटीतून निसटतो, आडवा हलणारा अडकतो.

सर म्हणाले, "फणीच्या तारा कुठल्या दिशेला?"

"उभ्याच."

"आणि विद्युत क्षेत्र उभ्या तारेच्या बाजूनं वर-खाली हलायला लागलं, तर तारेतले इलेक्ट्रॉन काय गप्प बसतील?"

इलेक्ट्रॉनांचं माहीत नाही, मी मात्र गप्प बसलो. पुढे एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये दोन गळीत हंगाम काढले आणि रोज तोच प्रकाश, तेच पोलरॉइड हाताळलं, तेव्हा कुठे सगळं जागेवर बसलं. (सोलापूरच्या पूर्व भागात 'कारखाना' म्हटलं की माग, शहराबाहेर पडलं की ऊस. माझे दोन्ही झाले.) प्रॅक्टिकलसाठी, बारावीच्या प्रकल्पासाठी किंवा लॅब केमिस्ट म्हणून पहिल्यांदाच कारखान्यात जाताना ध्रुवणाशी गाठ पडणार असेल, तर पुढच्या क्रमानं जा. मी उलट्या क्रमानं गेलो होतो.

लागणारं सामान

- पोलरॉइडचे तीन तुकडे, निदान चार सेंटिमीटर चौरस
- लक्स मीटरचं अ‍ॅप टाकलेला फोन, आणि पडद्याचा रंग दाखवायला दुसरा फोन
- कोनमापक, काळा कार्डपेपर, साधा एलईडी बल्ब
- सपाट तळाचा काचेचा ग्लास, फोटोफ्रेममधली काच
- साखर, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मिलिलिटरच्या खुणा असलेलं भांडं
- वीतभर सुतळी (हसू नका, लागते)

१. पोलरॉइड मिळवा, पण कुठलंही उचलू नका

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मेलेल्या लॅपटॉपचा किंवा मॉनिटरचा एलसीडी पडदा. नवी पेठेत दुरुस्तीवाल्यांकडे फुटके पडदे पडलेले असतात, गोड बोललात तर फुकटही देतात. काचेच्या दोन्ही बाजूंना राखाडी फिल्म चिकटवलेली असते, तेच पोलरॉइड. कोपऱ्यातून ब्लेडनं उचला आणि सावकाश ओढा. काच पातळ असते आणि तडकतेच, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालून बसा. जुन्या पडद्यात मागे बारीक ट्यूबलाइट असते, तिच्यात पारा असतो. तिला हात लावायचा नाही.

यात तीनदा फसलो, तुम्ही फसू नका.

कॅल्क्युलेटरमधली मागची फिल्म घेऊ नका. तिला चंदेरी परावर्तक चिकटलेला असतो, आरपार काही दिसत नाही. पुढची चालते, पण ती असते नखाएवढी.

थिएटरमधून आणलेला थ्रीडी चष्मा बहुतेक वेळा वर्तुळाकार ध्रुवणाचा असतो, म्हणजे हलण्याची दिशा एका रेषेत न राहता गोल फिरते. त्याच्या दोन काचा एकाच बाजूनं एकावर एक ठेवून कितीही फिरवा, अंधार होत नाही आणि माणूस म्हणतो की पुस्तकच खोटं. डोळ्याकडच्या बाजू एकमेकींना भिडवून फिरवा, मग अंधार होतो.

रस्त्यावर 'पोलराइज्ड' म्हणून विकतात तो गॉगल लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरून फिरवा. पडदा काळा झाला तर खरा. दुकानदार डोळे वटारेल, वटारू दे.

२. हलतंय काय, ते आधी ठरवा

हे न करताच सगळे कोन मोजायला बसतात.

दोरीचा तरंग काढला की दोरी हलते. प्रकाशात कुठलीच वस्तू वर-खाली होत नाही. एका जागी विद्युत क्षेत्राचं मूल्य वाढतं, शून्य होतं, उलट दिशेनं वाढतं, आणि दृश्य प्रकाशात हे सेकंदाला साधारण ४०० ते ७५० लाख कोटी वेळा घडतं. त्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र तसंच हेलकावतं आणि दोघांनाही काटकोनात तरंग पुढे जातो. म्हणून हा अवतरंग. ध्वनी हवेत अनुतरंग असतो, हवा पुढे-मागेच दबते, म्हणून ध्वनीला 'उभा की आडवा' हा प्रश्नच विचारता येत नाही. ध्रुवण म्हणजे या प्रश्नाचं उत्तर: विद्युत क्षेत्र कुठल्या रेषेत हलतंय? बल्बच्या किंवा सूर्याच्या प्रकाशात ती रेष सतत, बेशिस्त बदलत असते, म्हणून तो अध्रुवित.

पटत नसेल तर घरातला जुना ट्रान्झिस्टर काढा. मिडियम वेव्हवर एखादं केंद्र लावा आणि रेडिओ टेबलावर सपाट गोल फिरवा. एका दिशेला आवाज पडतो, पाव फेरीनंतर परत येतो. आत फेराइटची कांडी असते, ती तरंगाचं चुंबकीय क्षेत्र पकडते. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की क्षेत्र कांडीला आडवं पडतं आणि आवाज बसतो. गच्चीवरच्या जुन्या दूरदर्शन अँटेन्याच्या काड्या आडव्या असत, त्याचंही कारण हेच: येणाऱ्या तरंगाचं विद्युत क्षेत्र आडवं. रेडिओ आणि प्रकाश एकाच जातीचे. मॅक्सवेलनं हे १८६५ मध्ये समीकरणांत मांडलं, हर्ट्झनं १८८७-८८ मध्ये प्रयोगानं दाखवलं.

आता माझी फणी. हर्ट्झनं खरोखरच तारांची चौकट तरंगाच्या वाटेत धरली होती. विद्युत क्षेत्र तारांना समांतर असेल तर इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीवर मोकळे धावतात आणि तरंग तिथेच अडतो. क्षेत्र तारांना आडवं असेल तर इलेक्ट्रॉनांना धावायला जागाच नाही, कारण तारेची जाडी ती किती. तरंग पार होतो. म्हणजे उभ्या तारांतून आडवा जातो. मी काढलेलं चित्र बरोब्बर उलटं होतं. फटीकडे बघू नका, तारेकडे बघा. पोलरॉइडमध्ये तारांच्या जागी ताणून एका दिशेला आणलेल्या प्लास्टिकच्या लांब रेणूंवर बसलेलं आयोडीन असतं (हा प्रकार एडविन लँडचा, १९३८ चा). ज्या दिशेला फिल्म ताणली, त्या दिशेचा प्रकाश ती गिळते आणि काटकोनातला सोडते. व्हायवाला एवढं एक सांगितलंत तरी समोरचा माणूस मान वर करून बघतो.

३. ओल्या फरशीवरून अक्ष शोधा

पडद्यावरून काढलेल्या फिल्मवर अक्षाची, म्हणजे ती ज्या दिशेचा प्रकाश सोडते त्या दिशेची, खूण नसते. अंदाजानं रेघ मारली की पुढची सगळी वाचनं तेवढ्या अंशांनी सरकतात. खूण करायला उपकरण लागत नाही, शहाबादी फरशी पुरते.

फरशीवर पाणी ओता, पाण्याचा सपाट थर दिसू द्या. समोर खिडकी किंवा ट्यूबलाइट असावी, तिचं प्रतिबिंब पाण्यात बघायचं. कुठल्या जागी? पृष्ठभागावर एका ठरावीक कोनात पडलेल्या प्रकाशाचं परावर्तन पूर्ण ध्रुवित होतं, आणि त्या कोनाचा टॅन म्हणजे पदार्थाचा अपवर्तनांक. हा ब्रूस्टरचा नियम, १८१५ चा. पाण्याला कोन (पृष्ठभागाच्या लंबापासून मोजलेला) ५३ अंश, काचेला ५६. पण फरशीवर कोन मोजायच्या भानगडीत पडू नका. टॅन म्हणजे अंतर भागिले उंची. तुमच्या डोळ्यांच्या उंचीला १.३३ नं गुणा, तेवढ्या अंतरावरच्या पाण्यात प्रतिबिंब बघा. डोळे दीड मीटरवर असतील तर दोन मीटर पुढे. कोरडी चकचकीत टाइल असेल तर १.५ नं गुणा.

आता फिल्म डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवा. एका जागी प्रतिबिंब जवळजवळ पुसलं जातं आणि पाण्याखालची फरशी, तिच्या सांध्यातला सिमेंटसुद्धा, स्वच्छ दिसायला लागतो. परावर्तित प्रकाशाचं क्षेत्र फरशीला समांतर म्हणजे आडवं असतं आणि ते आत्ता अडलंय, तेव्हा फिल्मचा पार होऊ देणारा अक्ष या क्षणी उभा आहे. मार्करनं रेघ मारा. तिन्ही तुकड्यांवर मारा.

स्टीलच्या ताटावर हे होत नाही. धातूचं परावर्तन असं साफ ध्रुवित होत नसतं. माझ्या एका मित्रानं ताटापुढे अर्धा तास घालवला होता.

सिद्धेश्वर तलावावर करायचं असेल तर ढगाळ दिवस बघा. निरभ्र आकाशाचा प्रकाश स्वतःच थोडा ध्रुवित असतो, मग तलावाचं ध्रुवण कुठलं आणि आकाशाचं कुठलं याचा घोळ होतो. आकाशाचं वेगळं बघा: सूर्य मावळताना थेट डोक्यावरच्या आकाशाकडे फिल्म धरून फिरवा, गडद-फिकट होतं. सूर्यापासून ९० अंशांवर हा परिणाम सगळ्यात ठळक असतो. हिवाळ्यात छान दिसतो, एप्रिलच्या धुळीत फिका पडतो. फिल्ममधून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही, ती डोळ्यांना वाचवत नाही.

परावर्तनानं ध्रुवण होतं हे फ्रेंच शास्त्रज्ञ माल्युसला १८०८ मध्ये पॅरिसमध्ये असंच सहज सापडलं. मावळत्या सूर्याचं समोरच्या राजवाड्याच्या खिडक्यांतलं प्रतिबिंब तो स्फटिकातून बघत होता.

४. माल्युसचा नियम: पाच वाचनं पुरतात

पहिली फिल्म ध्रुवक, दुसरी विश्लेषक. दोन अक्षांमध्ये जेवढा कोन, त्याच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात तीव्रता. ० अंशाला १०० धरले तर ३० ला ७५, ४५ ला ५०, ६० ला २५, ९० ला शून्य. एवढे आकडे पाठ असू द्या, प्रॅक्टिकल करतानाच कुठे बिघडतंय ते कळतं.

बल्ब, ध्रुवक, कोनमापकावर बसवलेला विश्लेषक, आणि त्याखाली फोनचा प्रकाश-संवेदक. संवेदक पुढच्या बाजूला, वर कॅमेऱ्याजवळ असतो, बोटानं झाकून आकडा पडतो का ते बघून जागा पक्की करा. मध्ये काळ्या कार्डपेपरची नळी लावा.

चुका नेहमीच्याच. बल्ब बंद करून येणारं वाचन आधी घ्या आणि प्रत्येक वाचनातून वजा करा. खोलीत दिवा असेल तर ९० अंशाला शून्य कधीच येत नाही आणि मग पोरं जर्नलमध्ये शून्य 'आणतात'. आलेख कोनाच्या विरुद्ध काढलात तर डोंगरासारखा आकार येतो आणि तो कसाही असला तरी बरोबर वाटतो. कोसाइनच्या वर्गाच्या विरुद्ध काढा. सरळ रेष आली नाही तर लगेच उघडं पडतं.

५. तिसरा तुकडा

दोन फिल्म काटकोनात धरा, अंधार. त्यांच्या मध्ये तिसरी ४५ अंशांवर सरकवा. उजेड परत येतो.

चाळणीवर चाळणी ठेवून पीठ जास्त पडलं असं कधी झालंय का? म्हणूनच फणी, फट, चाळणी ही सगळी चित्रं इथे मोडतात. फिल्म नुसती निवड करत नाही. तिच्यातून बाहेर पडलेल्या प्रकाशाची दिशा तिच्या अक्षाची होते, आधीची पुसली जाते. हिशेबही सोपा: पहिलीतून निम्मा, दुसरीतून त्याच्या निम्मा, तिसरीतून पुन्हा निम्मा, मूळ प्रकाशाच्या एक अष्टमांश. हे आदर्श फिल्मचं झालं, आपल्या भंगारातल्या फिल्ममधून कमीच येतो.

तिसऱ्या फिल्मऐवजी काचेच्या पट्टीवर चिकटपट्टीचे उलटसुलट थर लावून सरकवा, रंग दिसतील. प्लास्टिकची मोजपट्टी वाकवून धरा, ताण पडलेल्या जागी रंगांच्या रेषा उमटतील. ही मोजपट्टी लक्षात ठेवा, सातव्या पायरीला लागेल.

६. सुतळी, मग साखर

साखरेचं पाणी ध्रुवणाची दिशा फिरवतं हे वाचलं तेव्हा मला एक शंका होती. पाण्यात रेणू कसेही लोळत असतात, कोणी उलटा, कोणी सुलटा. अर्ध्यांनी उजवीकडे आणि अर्ध्यांनी डावीकडे फिरवून हिशेब शून्य का होत नाही?

सुतळी हातात घ्या. पिळाचा तिरकसपणा बघा. आता टोक उलटं करून धरा. पीळ तसाच दिसतो! उजव्या पिळाची सुतळी कशीही धरा, उजवी ती उजवीच. सूतगिरणीतल्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नाही. साखरेच्या रेणूलाही असा एकाच हाताचा घाट असतो, म्हणून रेणू कसाही लोळला तरी फिरवतो एकाच दिशेला. जगदीशचंद्र बोसांनी हेच अक्षरशः तागानं दाखवलं. १८९५ पासून ते मिलिमीटरच्या मापातल्या विद्युत तरंगांच्या ध्रुवणावर काम करत होते, आणि १८९८ मध्ये त्यांनी पिळलेल्या तागाच्या जुडग्यांतून ते तरंग सोडले. एका पिळानं दिशा एकीकडे फिरली, उलट पिळानं दुसरीकडे.

आता साखर. १५० ग्रॅम साखर थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, थंड होऊ द्या, मग पाणी घालून एकूण द्रावण ३०० मिलिलिटर करा. ३०० मिलिलिटर पाण्यात १५० ग्रॅम टाकलीत तर द्रावण साधारण ३९० मिलिलिटर होतं आणि उत्तर चुकतं. निम्मे लोक इथेच गंडतात.

फोनच्या पडद्यावर पूर्ण लाल चित्र लावा. पडद्याचा प्रकाश आधीच ध्रुवित असतो, ध्रुवक फुकट मिळाला. वर फोटोफ्रेमची काच, काचेवर रिकामा ग्लास. फोन भिजू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी घालू नका, ताणलेलं प्लास्टिक स्वतःच ध्रुवण बिघडवतं. ग्लासही प्लास्टिकचा नको. वरून फिल्म धरून पूर्ण अंधाराची जागा शोधा आणि कोन लिहा, हे तुमचं शून्य. अंधार होतच नसेल तर फोनला चिकटवलेली प्लास्टिकची स्क्रीनगार्ड काढा किंवा लॅपटॉपचा पडदा आडवा करून वापरा.

द्रावण बरोबर १० सेंटिमीटर उंचीपर्यंत ओता. अंधार गेलेला दिसेल. फिल्म घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत पुन्हा अंधार शोधा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाला साखरेचं विशिष्ट घूर्णन (१० सेंटिमीटर लांबी आणि मिलिलिटरला एक ग्रॅम धरून दिशा किती फिरते ते) ६६.५ अंश आहे, म्हणजे १० सेंटिमीटर लांबी आणि मिलिलिटरला अर्धा ग्रॅम असेल तर सुमारे ३३ अंश. फोनच्या लाल रंगाला तिसाच्या आसपास येतं, हिरवं चित्र लावलंत तर चाळिशीपलीकडे जातं. निळ्या टोकाकडे घूर्णन वाढतं, म्हणून पांढऱ्या पडद्यावर अंधार न होता रंग बदलत जातात. माझं पहिलं वाचन लालला २५ आलं होतं, कारण वर सांगितलेली पाण्याची चूक मीच केली होती.

७. कारखान्यातला 'पोल'

लॅबमध्ये पाऊल टाकल्यावर पहिल्या तासात 'पोल किती?' ऐकू येतं. हा 'पोल' म्हणजे पोलरायझेशनच. वरचा ग्लास आडवा करून २० सेंटिमीटरची नळी केली की झाला पोलरीमीटर. यंत्रावरची स्केल अशी आखलेली असते की २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटर द्रावणात, २० अंश सेल्सिअसला, या नळीत १०० दाखवते. हिशेब करून बघा, ६६.५ गुणिले २ गुणिले ०.२६, साडेचौतीस अंशांच्या जवळ येतं. उसाच्या रसाचं वाचन थेट घेतात आणि ब्रिक्ससोबत (रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांची टक्केवारी) तक्त्यात बघून पोल टक्के काढतात. उताऱ्याचा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्याचा, सगळा हिशेब या आकड्यावर चालतो, आणि एफआरपी (शेतकऱ्याला उसासाठी द्यायचा किमान दर) उताऱ्याशी बांधलेली, तेव्हा आकड्याला किंमत आहे.

नव्या माणसासाठी:

- नळीत नुसतं पाणी भरून शून्य तपासा, रोज.
- रस गाळण्यासाठी घालतात ते शिशाचं संयुग विषारी असतं. जेवणाआधी हात धुवा, पिपेट तोंडानं ओढू नका. गाळलेल्या रसाचे पहिले थेंब टाकून द्या.
- जुन्या, डोळ्यानं बघायच्या यंत्रात गोल दोन अर्ध्यांत विभागलेला दिसतो. दोन्ही अर्धे सारखे दिसण्याच्या जागा दोन मिळतात, एक उजळ आणि एक मंद. मंद असते ती घ्यायची, डोळ्याला तिथेच बारीक फरक कळतो.
- बुडबुडा राहिला तर तो नळीच्या फुगीर भागात न्या, प्रकाशाच्या वाटेत नको.

आणि टोपण. पहिल्या हंगामात रात्रपाळीला माझा पोल सलग तीन वाचनांत वेगवेगळा येत होता, नमुना तोच. नळी गळू नये म्हणून मी टोपण दात-ओठ खाऊन आवळत होतो. केमिस्ट साहेब आले, टोपण दोन बोटांनी सैल केलं आणि म्हणाले, "ट्रकचं चाक बसवताय का?" वाचन जागेवर आलं. टोपणाखाली काचेची चकती असते, आवळली की तिच्यात ताण येतो आणि ताण आलेली काच पाचव्या पायरीतल्या वाकवलेल्या मोजपट्टीसारखी वागते. रबर नीट बसवा, टोपण बोटानं टेकेल एवढंच फिरवा.

शेवटचं म्हणजे, वाचनाशेजारी नमुना घेतल्याची वेळ लिहा. तोडलेला ऊस उन्हात नंबरला, गाड्यांच्या रांगेत, उभा राहिला किंवा रस बाटलीत तसाच राहिला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. फ्रुक्टोज उलटीकडे, डावीकडे फिरवतं आणि ग्लुकोजपेक्षा जोरात, त्यामुळे पोल घसरतो. ब्रिक्स मात्र तिथल्या तिथेच राहतो, कधी पाणी उडाल्यानं वाढतोही. ब्रिक्स जागेवर आणि पोल खाली दिसला तर यंत्राला शिव्या घालण्याआधी रजिस्टरमधली वेळ बघा.